जॅक कोलची शैली शिकायची आहे? सुरुवात कुठून करायची, काय टाळायचं

जॅझ डान्सच्या वर्गात पहिल्या महिन्यात अमेरिकन नृत्यरचनाकार बॉब फॉसीचं नाव कानावर येतं. टोपी, आत वळलेले गुडघे, बोटांची उघडझाप, हे सगळं त्याच्याबरोबर येतं. त्याच्या आधीच्या जॅक कोलचं नाव मात्र बऱ्याच जणांना फार उशिरा कळतं. रंगमंचावरच्या आणि हॉलिवुडच्या जॅझ नृत्याचा पाया या माणसाने घातला. १९११ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत जन्म, १९७४ मध्ये लॉस एंजेलिसला मृत्यू. रूथ सेंट डेनिस आणि टेड शॉन यांच्या डेनिशॉन नृत्यसंस्थेत त्याची सुरुवात झाली. पुढे डोरिस हम्फ्री आणि चार्ल्स वाइडमन यांच्याकडे आधुनिक नृत्य, चेकेटी पद्धतीचं बॅले, हार्लेमच्या नाचघरांतला लिंडी हॉप आणि भारतात शिकून गेलेल्या ला मेरी यांच्याकडे भरतनाट्यम. १९३०च्या दशकात न्यूयॉर्कच्या नाइटक्लबांत तो स्विंग संगीतावर भरतनाट्यमच्या हालचाली करायचा. तिथल्या लोकांनी त्याला 'हिंदू स्विंग' असं नाव दिलं होतं. नाव आज विचित्र वाटतं, पण नाच गांभीर्याने बसवलेला असायचा.

आपल्याकडे भरतनाट्यम, कथक किंवा लावणी शिकून जॅझकडे वळणारे बरेच आहेत. त्यांना कोल सोपा वाटतो आणि ते नेमके तिथेच फसतात. बैठक ओळखीची दिसते, मान ओळखीची दिसते, म्हणून सवयीचंच करत राहतात. ताल, नजर आणि थांबणं या तीन गोष्टी मात्र साफ वेगळ्या आहेत. पुढच्या पायऱ्या त्या क्रमाने लावल्या आहेत. नृत्याची पार्श्वभूमी नसली तरी चालेल, फक्त तिसऱ्या पायरीला दुप्पट वेळ द्या.

१. आधी सामान जमवा

- लाकडी किंवा लाकडाखाली पोकळी असलेली जमीन. घरच्या टाइल्स किंवा शहाबादी फरशीवर पायऱ्या ३ ते ६ चालतील. सातवी अजिबात नाही.
- व्हॉलीबॉल खेळणारे वापरतात तसे जाड नी-पॅड. पातळ कापडी पट्टा उपयोगाचा नाही.
- जॅझ शूज. अनवाणी सराव चालतो, पण मोज्यांवर नको. रुंद बैठकीत पाय घसरत बाजूला गेला की मांडीचा आतला स्नायू ओढला जातो.
- मोबाइलवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक लयीत ठोका देणारं ॲप.
- कमरेपर्यंतचा नाही, पूर्ण उंचीचा आरसा आणि फोनचा स्टँड.
- कापडी चिकटपट्टी. ती कशाला लागते ते तिसऱ्या पायरीत येईल.
- स्विंग काळातल्या बिग बँडच्या (मोठ्या जॅझ वाद्यवृंदांच्या) पाच-सहा रेकॉर्ड: दोन संथ, दोन मध्यम, एखादी वेगवान.

अंगावर घट्ट कपडे घाला. सैल कुर्त्यात बरगड्या हलल्या की नुसतं कापड हललं, हे कळत नाही.

२. पाहायला शिका: चार नाच, याच क्रमाने

सगळे एका बैठकीत पाहू नका. एक नाच तीनदा पाहा: एकदा नेहमीसारखा, एकदा आवाज बंद करून, एकदा अर्ध्या वेगाने.

पहिला: 'गिल्डा' (१९४६) या चित्रपटातलं रिटा हेवर्थचं 'पुट द ब्लेम ऑन मेम'. आवाज बंद करून पाहताना पावलं मोजा. मोजण्यासारखं फारसं काही सापडत नाही, आणि पाहण्यासारखी गोष्ट हीच आहे. काळा सॅटिनचा पोशाख, कोपराच्या वर जाणारे काळे हातमोजे, आणि जवळजवळ सगळं काम कंबर, खांदे, केस आणि हात करतात. हातमोजा उतरवतानाची गती पाहा. तो ती झटक्याने ओढत नाही, सावकाश सोलून काढते. कंबर तालाच्या किंचित मागून येते. ते 'किंचित मागून' पकडायला अर्धा वेग लागतो.

दुसरा: 'जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स' (१९५३) मधलं मेरिलिन मन्रोचं 'डायमंड्स आर अ गर्ल्स बेस्ट फ्रेंड'. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स, पण गाण्यांची मांडणी त्यांनी कोलवर सोपवली होती आणि त्याच्या मदतीला ग्वेन व्हर्डन ही नर्तिका होती. मन्रो काही तयार नर्तिका नव्हती. कोलने तिला अवघड पावलं दिली नाहीत. प्रत्येक शब्दाला एक खांदा, एक मनगट, एक नजर दिली आणि पळणं-वळणं भोवतीच्या कोट घातलेल्या पुरुषांकडे ठेवलं. ती पंख्याने त्यांना झिडकारते त्या जागी तिचं धड पाहा. हात मारतो, धड जागचं हलत नाही.

तिसरा: 'किस्मत' (१९५५) मधलं 'नॉट सिन्स निनव्हे'. अबाबूच्या राजकन्यांकडे लक्ष ठेवा. बगदादच्या गोष्टीत, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीच्या संगीतावर, भरतनाट्यमची मान आणि बैठक! भरतनाट्यम शिकलेल्यांना इथे हसू येईल किंवा राग येईल. दोन्ही साहजिक आहे. हस्तमुद्रांचा अर्थ इथे शोधू नका, तो ठेवलेलाच नाही. कोलने मुद्रेतून आकार आणि धार घेतली, आशय सोडून दिला. त्याबद्दल त्याच्यावर टीका होते, आणि त्या टीकेत तथ्य आहे. शिकताना मात्र हे उसनं कुठून आलं ते तुम्हाला त्याच्या अमेरिकन विद्यार्थ्यांपेक्षा स्वच्छ दिसेल, हा तुमचा फायदा.

चौथा: 'द आय डोन्ट केअर गर्ल' (१९५३) मधलं 'बील स्ट्रीट ब्लूज'. मिट्झी गेनरबरोबर ग्वेन व्हर्डन दिसते. खरा कोल इथे दिसतो: खोल बैठक, अचानक झेप, अचानक दगडासारखं थांबणं.

शोधताना एक अडचण येते. नृत्यरचनाकाराच्या नावाने शोधलं तर थोडंच हाती लागतं, म्हणून चित्रपटाचं आणि गाण्याचं नाव टाकून शोधा. ऑस्करमध्ये नृत्यदिग्दर्शनाचा विभाग फक्त १९३५ ते १९३७ या वर्षांच्या चित्रपटांसाठी होता. कोल हॉलिवुडमध्ये रुळला तोवर तो बंदही झाला होता.

३. बैठक: अरमंडी नव्हे

अरमंडी म्हणजे भरतनाट्यमची मूळ अर्धी बैठक. तिच्यात टाचा जवळ असतात, गुडघे पूर्ण बाहेर, धड सरळ उभं आणि वजन मध्यावर स्थिर. कोलची बैठक रुंद आहे. दोन टाचांमध्ये स्वतःच्या पावलाच्या दोन ते अडीच पट अंतर ठेवा. पावलं बाहेर वळवा, पण साधारण ४५ अंशांपर्यंतच. आता खाली जा.

आरशात दोन गोष्टी तपासा. नडगी उभी आहे का? गुडघा पावलाच्या पुढे जात असेल तर अंतर कमी पडतंय. गुडघा आतल्या बाजूला पडत असेल तर पाऊल जास्त वळवलंय. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेतच हवी. मेट्रोनोम ६० वर लावा: आठ काउंटमध्ये खाली, आठ थांबा, आठमध्ये वर. असं सहा वेळा.

थांबलेल्या आठात अरमंडीची सवय डोकं वर काढते. शरीर 'बसतं', आणि कोलमध्ये बसून चालत नाही. प्रत्येक क्षणी कुठल्याही दिशेला उडी घेता आली पाहिजे. दबा धरलेलं मांजर आठवा. तपासायचं असेल तर थांबलेलं असताना कुणाला तरी मध्येच 'डावा' किंवा 'उजवा' म्हणायला सांगा. त्या क्षणी तो पाय उचलता आला तर वजन बरोबर आहे. उचलण्याआधी कंबर हलवून तयारी करावी लागली तर तुम्ही बसलेले आहात.

आता चिकटपट्टी. खाली बसल्यावर आरशात जिथे भुवया येतात तिथे आडवी पट्टी लावा आणि त्याच उंचीवर चाला: चार पावलं डावीकडे, चार उजवीकडे. भुवया पट्टीच्या वर गेल्या की पाऊल टाकताना गुडघा सरळ झाला. बहुतेकांचं दुसऱ्या-तिसऱ्या पावलाला बिघडतं, कारण मागचा पाय ओढून घेताना शरीर उसासा टाकल्यासारखं वर येतं. उपाय सोपा आहे: पुढचा गुडघा आधी आणखी एक इंच वाकवा, मग मागचा पाय उचला. रोज दहा मिनिटं, दोन आठवडे. कंटाळा येतो, पण या पायरीला पळवाट नाही.

४. एकेक अवयव सुटा करणं

जॅझमध्ये याला आयसोलेशन म्हणतात. मान, खांदे, बरगड्या, कंबर, याच क्रमाने करा.

मानेची भरतनाट्यमवाल्यांना ओळख असतेच. अभिनयदर्पण या जुन्या नृत्यग्रंथातल्या चार ग्रीवाभेदांपैकी (मानेच्या हालचालींपैकी) आडवी सरकणारी 'सुंदरी' कोलला विशेष प्रिय. पण तिथे ती हसरी, लयीत डोलणारी असते. इथे उजवीकडे एक, मध्ये एक, थांबा. डोलणं नाही. हनुवटी जमिनीला समांतर ठेवा. मान सरकण्याऐवजी कलत असेल तर दोन्ही हात डोक्यावर जोडा आणि कान दंडाला टेकवायचा प्रयत्न करा. कान टेकला आणि हनुवटी तिरकी झाली नाही, तर जमलं. मान कधीही झटकून टाकू नका. दुसऱ्या दिवशी उठताना कळतं.

बरगड्यांचं काम सगळ्यात अवघड. उजवीकडे, मध्ये, डावीकडे, मध्ये. मेट्रोनोम ६०. आधी प्रत्येक जागेला चार काउंट, मग दोन, मग एक. बरगड्यांबरोबर खांदा तिरका होणं ही नेहमीची चूक. भिंतीला पाठ लावा, दोन्ही हात खांद्याच्या उंचीला पसरून मनगटं भिंतीला टेकवा. मनगटं वर-खाली घासली गेली तर खांदे फसवताहेत.

खांदे आणि कंबर तुलनेने लवकर जमतात. लावणी शिकलेल्यांना तर पहिल्या दिवशी. त्यांनी एवढंच करायचं, की कंबर हलताना वरचं अंग पूर्ण बंद ठेवायचं.

५. स्विंगचा ताल तिश्रात (मात्रेचे तीन भाग करून) समजून घ्या

इथे पुस्तकी व्याख्या सोडून द्या, आपल्याकडे सोपी वाट आहे. एका मात्रेत 'तकिट' म्हणा. आता 'कि' मनातल्या मनात म्हणा आणि फक्त 'त' आणि 'ट' उच्चारा. त–ट, त–ट, त–ट. पहिला लांब, दुसरा आखूड. स्विंग तो हाच. बरोब्बर मध्ये, 'तक–तक' असा दुसरा आघात पडला की नाच कवायतीसारखा दिसतो. अगदी वेगवान बिग बँडमध्ये मात्र हे अंतर सपाट होत जातं, म्हणून शिकताना मध्यम लय घ्या.

दुसरी सवय मोडायची ती समेची. आपलं शरीर समेवर उतरायला शिकलेलं असतं. जॅझमध्ये टाळी दोन आणि चारवर पडते. त्यासाठी मेट्रोनोम ६० वर लावा, पण ठोका 'एक' समजू नका. पहिला ठोका 'दोन', पुढचा 'चार'. एक आणि तीन तुम्ही स्वतः भरायचे. पहिले काही दिवस मन हळूच ठोक्याला 'एक' करून टाकतं. तसं झालं की थांबा आणि पुन्हा मोजा. खोल बैठकीतली चाल याच ठोक्यावर करा: पाऊल एक-तीनवर, खांदा दोन-चारवर.

६. थांबणं, मारणं, आणि नजर

कोलची ओळख इथे आहे. हालचाल येण्याआधीचा थांबा त्याच्याकडे हालचालीइतकाच भरलेला असतो.

सात काउंट पूर्ण स्थिर, आठव्याला उजवा हात खांद्याच्या उंचीला बाजूला. एवढंच. पण हात आठव्याच्या आत पोचून थांबला पाहिजे, पोचल्यावर थरथरला किंवा मागे उसळला नाही पाहिजे. उसळतोच, कारण आपण तो मनगटाने थांबवतो. ब्रेक पाठीत, खांद्याच्या पात्याखाली लागला पाहिजे. हात निघण्याआधी पातं खाली ओढून घ्या, मग हात सोडा. फोनवर मंद गतीत चित्रण करून पाहा. हात थांबल्यानंतर बोटं हलत असतील तर पातं उशिरा आलं.

सात काउंटांत श्वास रोखू नका. श्वास रोखला की खांदे वर चढतात आणि आठव्याचा हात अडकतो.

नजरेबाबत 'यतो हस्तस्ततो दृष्टिः', म्हणजे जिकडे हात तिकडे नजर, हा नियम काही काळ बाजूला ठेवा. कोलमध्ये हात एकीकडे जातो आणि डोळे समोर रोखलेले राहतात. डोळे जातात तेव्हा बहुतेकदा हाताच्या आधी जातात. लावणीची नजर समोरच्याला बोलावते. ही नजर बोलावत नाही, माग काढते. चेहरा कोरा ठेवा, पण मेलेला नको. भुवया स्थिर, पापण्यांची उघडझाप कमी, जबडा सैल. नवशिके इथे 'मादक' दिसायला जातात आणि सगळं हास्यास्पद होतं. कोलच्या नाचातली मादकता थंडपणातून येते. ओठ मुडपून ती येत नाही.

७. गुडघ्यावरची घसर: सहा आठवड्यांच्या आत नाही

गुडघ्यांवर घसरत येणं हा कोलच्या नर्तकांचा हुकमी प्रकार, आणि जायबंदी व्हायचीही हमखास जागा. वाढीच्या वयातली मुलं आणि ज्यांच्या गुडघ्याला आधी दुखापत झाली आहे त्यांनी ही पायरी सोडून द्यावी. शैली तिच्यावाचून अडत नाही.

आधी गुडघ्यांवर उभं राहून खांदे, कंबर आणि गुडघे एका रेषेत ठेवून मागे झुका. आठ काउंट मागे, आठ पुढे, चार वेळा. कंबरेत मोड आला तर मांड्या तयार नाहीत, इथेच राहा. मग उभ्याने एक पाय मागे टाकून मागचा गुडघा जमिनीवर ठेवा, आवाज न करता. 'टक' असा आवाज आला म्हणजे वाटी आपटली. वजन वाटीवर नाही, वाटीच्या खालच्या नडगीवर यायला हवं. दहापैकी दहा वेळा आवाजाविना जमलं, की पॅड घालून दोन पावलांच्या वेगाने घसरा. धड मागे, पोट आत. धड पुढे पडलं की घसर तिथेच अडते आणि सगळा भार वाटीवर येतो.

८. चार आठांची सरावरचना

ही रचना कोलची नाही, वरचं सगळं एकत्र बांधायला तयार केलेली आहे. मध्यम लयीचं स्विंग लावा.

पहिला आठ: उजव्या पायावर वजन, डावा गुडघा किंचित वाकलेला, नजर समोर. एक ते सहा स्थिर. सातला मान उजवीकडे सरकवा, आठला डावीकडे.

दुसरा आठ: एकला डावा पाय बाजूला टाकून थेट खोल बैठकीत. दोन-तीन स्थिर. चारला उजवा हात छातीसमोर आडवा, कोपर वाकलेलं, मनगट मोडलेलं. पाचला बरगड्या उजवीकडे, पाचच्या 'ट'वर डावीकडे. सहाला मध्ये. सात-आठ स्थिर.

तिसरा आठ: त्याच उंचीवर चार पावलं पुढे. पाऊल एक, तीन, पाच, सातवर. खांदा दोन, चार, सहा, आठवर.

चौथा आठ: एकला अर्धं वळून पाठ प्रेक्षकांकडे. दोन ते पाच कंबर फिरवत सावकाश वर या. सहाला मान उजव्या खांद्यावरून मागे, नजर प्रेक्षकांत. सात-आठ दगड.

बहुतेकांचं चौथ्या आठात बिघडतं. दोन ते पाच या चार काउंटांत घाईने तीनलाच वर येऊन उभे राहतात आणि पाच रिकामा पडतो. उंची चार भागांत वाटून घ्या.

९. पुढे कुणाकडे जायचं

कोलने १९४०च्या दशकात कोलंबिया स्टुडिओत नर्तकांचा कायमचा ताफा बांधला आणि त्यांना रोज तालीम दिली. पुढचं बरंचसं त्या ताफ्यातून निघालं. नर्तक मॅट मॅटॉक्सने शिस्तबद्ध पद्धत बांधून ती युरोपात नेली. आज 'मॅटॉक्स पद्धत' शिकवणारा वर्ग मिळाला तर तो पकडा, कोलच्या सर्वांत जवळ जाणारी वाट तीच आहे. नर्तिका कॅरल हेनी १९५४ मध्ये ब्रॉडवेवर फॉसीच्या 'स्टीम हीट'मध्ये नाचली. ग्वेन व्हर्डन पुढे फॉसीची मुख्य नर्तिका आणि पत्नी झाली. म्हणजे फॉसीच्या नाचाला आकार देणारी शरीरं आधी कोलने घडवलेली होती. पुढे नृत्यरचनाकार म्हणून गाजलेला ॲल्विन एली १९५७ च्या 'जमेका' या ब्रॉडवे नाटकात कोलच्या हाताखाली नाचला.

फॉसी आधी शिकला असाल तर दोन्ही मिसळू देऊ नका. फॉसी आत वळतो, खांदे गोल करतो, एका बोटाला वाक्य देतो. कोल बाहेर उघडतो, जमिनीला लागून जागा खातो. कोल करताना गुडघे आत वळायला लागले की समजा, फॉसी शिरला.

कोल माणूस म्हणून कसा दिसायचा याची उत्सुकता असेल तर 'डिझायनिंग वुमन' (१९५७) पाहा. त्यात तो नृत्यदिग्दर्शकाच्याच भूमिकेत आहे आणि शेवटी नाचाच्या लाथांनी गुंडांना लोळवतो.

स्नेहसंमेलनात किंवा स्पर्धेत हे सादर कराल तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत 'जॅक कोलच्या शैलीवर आधारित' असं लिहा. पडद्यावरचा त्याचा नाच हालचालीगणिक उचलून बसवला असेल, तर 'मूळ नृत्यरचना: जॅक कोल' ही ओळ चित्रपटाच्या नावासकट हवी, आणि तुमचं नाव तिच्याखाली.